साखर वाढण्याआधी

येलदरी (ता. जिंतूर) हे पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. इथलं जुनं अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. पण भाकरी खाणाऱ्यानंही साखरेवर लक्ष ठेवायला हवं, ते असं :

• उपाशीपोटी रक्तशर्करा : १०० च्या आत सामान्य, १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ किंवा जास्त, फेरतपासणीतही तेवढीच, तर मधुमेह (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर). आधीचे ८ तास काही खायचं नाही. पहाटेचा चहासुद्धा नाही, पाणी चालतं.

• एचबीए१सी : मागच्या २-३ महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी. ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह.

• कंबर : पुरुष ९०, स्त्रिया ८० सें.मी.च्या आत.

• ताट : निम्मं भाज्यांचं, सोबत वरण किंवा उसळ. भाकरीत चोथा भरपूर, तसा स्टार्चही. दोनाच्या चार खाल्ल्या तर साखर वाढतेच.

• परभणी शक्ती : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं, इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबतचं २०१८ चं ज्वारी वाण. लोह, जस्त जास्त. मधुमेहावरचं औषध नव्हे.

• मीठ : दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणचं, पापड, ठेचा त्यातच धरायचा.

• चालणं : आठवड्याला किमान १५० मिनिटं, श्वास वाढावा, पण बोलता यावं. शेतीची मेहनत हंगामी असते. सुगी सरली तरी चालणं सुरूच हवं.

• तपासणी : वयाच्या तिशीपासून, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत.