सायरस फील्ड : समुद्रतार व नगरलोहमार्ग

अटलांटिक महासागराच्या तळावरून युरोप व अमेरिका यांना जोडणाऱ्या तारेचा इतिहास सामान्यतः सायरस वेस्ट फील्ड (१८१९–१८९२) या अमेरिकन व्यापाऱ्याच्या चिकाटीची कथा म्हणून सांगितला जातो. उत्तरायुष्यात न्यूयॉर्कच्या नगरलोहमार्गात त्याने गुंतविलेले धन व त्यातून ओढवलेला नाश यांचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. हे दोन्ही उद्योग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एकच गुण एका क्षेत्रात फलद्रूप व दुसऱ्या क्षेत्रात घातक का ठरला, याचा उलगडा होतो.

कागदाच्या व्यापारात संपत्ती मिळवून फील्ड वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच व्यवसायातून जवळजवळ निवृत्त झाला होता. १८५४ च्या आरंभी न्यूफाउंडलंड बेटावर तार नेऊ पाहणारा अभियंता फ्रेडरिक गिझबोर्न त्याला भेटला. ही तार पुढे आयर्लंडपर्यंत का नेऊ नये, हा प्रश्न फील्डच्या मनात उभा राहिला. विद्युत्‌शास्त्राचे वा समुद्रविज्ञानाचे ज्ञान त्याला नव्हते. म्हणून त्याने सॅम्युएल मोर्स व मॅथ्यू मॉरी यांना पत्रे लिहून त्यांचे मत घेतले आणि पीटर कूपरप्रभृती धनिकांना एकत्र आणले. १८५६ साली इंग्लंडमध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली.

१८५७ चा प्रयत्न तार तुटल्यामुळे फसला. ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही किनारे जोडले गेले. परंतु राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले. तरीही या तारेची उपयुक्तता अल्पावधीतच दिसून आली. भारतातील १८५७ चा उठाव शमत आल्यामुळे कॅनडातील ब्रिटिश पलटणींना इंग्लंडकडे न निघण्याची आज्ञा तारेने धाडता आली व सुमारे ५०,००० पौंडांचा खर्च वाचल्याचे मानले गेले. त्यानंतर लवकरच तार मूक झाली. तिच्यात मुळातच दोष होते; त्यात कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिल्याने तिचे वेष्टन पुरते निकामी झाले.

या अपयशाचे खरे फळ पुढील आठ वर्षांत दिसते. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तारही १८६० साली बंद पडली, तेव्हा ब्रिटिश सरकार व कंपनी यांच्या संयुक्त समितीने समुद्रतारांची कसून चौकशी केली. तारेतील संदेशाचा विलंब तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विल्यम टॉमसन याने पूर्वीच दाखविले होते. दाब वाढविणे हा त्यावर उपाय नव्हे. तांब्याचा वाहक व गटापर्च्याचे वेष्टन जाड करणे आणि संदेशग्राहक यंत्र अधिक संवेदनक्षम करणे, हा उपाय होय. पहिल्या तारेत दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे होते. १८६५ च्या तारेत ते ३०० पौंड झाले. ती तार ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून टाकताना सुमारे १,२०० मैलांनंतर तुटली. मात्र २७ जुलै १८६६ रोजी नवी तार न्यूफाउंडलंडला पोहोचली, आणि सप्टेंबरमध्ये तुटलेली तारही उचलून पूर्ण करण्यात आली. त्याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन ही तार टाकली.

फील्डची चिकाटी येथे सफल झाली, कारण प्रत्येक अपयशातून ज्ञानाची भर पडत होती आणि तोटा अनेक भागधारकांत विभागला जात होता. १८६० साली त्याची कागदाची पेढी अडचणीत येऊन बंद पडली, तरी तारेचे कार्य थांबले नाही. १८६६ नंतर त्याने जुने ऋण व्याजासह फेडले.

१८७७ साली फील्डने न्यूयॉर्क एलिव्हेटेड रेलरोड कंपनीचे नियंत्रण विकत घेतले. रस्त्यावर लोखंडी खांब उभारून त्यांवरून आगगाडी नेण्याची कल्पना तेथे १८६८ पासून अजमावली जात होती. तांत्रिक कोडे बहुतांशी सुटलेले होते. शिल्लक प्रश्न कायद्याचे व पैशाचे होते. रस्त्याकडेच्या घरमालकांचा उजेड व हवा यांवरील हक्क न्यायालयाने १८८२ साली मान्य केला. भाडे १८८६ साली सर्व वेळी पाच सेंट झाले. दोन प्रमुख मार्ग १८७९ साली भाडेपट्ट्याने मॅनहॅटन कंपनीकडे गेले होते आणि १८८१ पासून तिच्यावर जे गूल्ड याचे वर्चस्व होते.

या कंपनीचे भाग फील्ड सतत विकत घेत राहिला. किंमतीचा काही अंश रोख भरून उरलेली रक्कम त्याच भागांच्या तारणावर तो कर्जाऊ घेत असे. भाव चढता असेपर्यंतच हा व्यवहार निभतो. २४ जून १८८७ रोजी भाव कोसळला, धनकोंनी पैसे मागितले, आणि फील्डचे बहुतेक भाग गूल्डने पडत्या भावाने घेतले. १८९१ साली पुत्राच्या पेढीचे दिवाळे निघाले व पुढच्या वर्षी फील्ड निधन पावला.

समुद्रात तार तुटली तेव्हा कारण शोधण्यास अवधी होता. कर्जाने घेतलेल्या भागांना तसा अवधी नसतो. तेथे टिकून राहण्याचा निश्चय म्हणजे ऋणाची वृद्धी होय. लोहमार्गाचे मात्र काही बिघडले नाही. तिसऱ्या ॲव्हेन्यूवरील गाड्या मॅनहॅटनमध्ये १९५५ पर्यंत धावत होत्या. कार्याचे यश व कर्त्याचे वैभव यांची गणना म्हणूनच औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे केली पाहिजे.