संपर्काचे पान : दार उघडे, घर नव्हे

स्वतःचे संकेतस्थळ उभारणारा छायाचित्रकार, अनुवादक किंवा शिकवणी घेणारा शिक्षक मजकुरावर आणि मांडणीवर पुष्कळ परिश्रम घेतो. ‘संपर्क’ हे पान मात्र बहुधा अखेरच्या घटकेला तयार होते. मग एक तर तेथे काहीच नसते, किंवा घराच्या पत्त्यापासून मोबाइल क्रमांकापर्यंत सारे काही एका दमात दिलेले असते. दोन्ही गोष्टी तोट्याच्याच. पहिल्या प्रकारात काम देऊ इच्छिणारा माणूस दारातूनच परत जातो. दुसऱ्या प्रकारात नको असलेली माणसे थेट आत येतात.

या प्रश्नाचे उत्तर एका साध्या कसोटीत आहे. जी माहिती उद्या मागे घेता येईल किंवा बदलता येईल, तीच जाहीर करावी. ई-मेलचा पत्ता बदलता येतो. राहते घर तसे बदलता येत नाही. भारतात तर मोबाइल क्रमांक बँक खाते, आधार आणि यूपीआय या साऱ्यांशी जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी नव्याने नोंद करणे आले. शिवाय संकेतस्थळावरून पुसलेला मजकूर नाहीसा होतोच असे नाही. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती जतन करीत आली आहे.

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातील कलम ३ नुसार, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे आपलाच क्रमांक आपणच जाहीर केल्यावर त्यापुरते या कायद्याचे कवच उरत नाही.

मग द्यावे काय? संकेतस्थळासाठी स्वतंत्र ई-मेल पत्ता, हा सर्वांत सोयीचा मार्ग. बँकेच्या वा कुटुंबाच्या व्यवहारांशी त्याचा संबंध नसावा. ही कल्पना नवी नाही. १९९७ सालच्या ‘आरएफसी २१४२’ या दस्तऐवजात ‘वेबमास्टर’, ‘अब्यूज’ यांसारखी ठरावीक नावे टपालपेट्यांसाठी सुचविण्यात आली होती. पत्ता माणसाचा नसून कामाचा असावा, हेच त्यामागील तत्त्व.

उघड्यावर लिहिलेला ई-मेल पत्ता टिपणाऱ्या संगणक प्रणाली ‘@’ या चिन्हाच्या शोधात पाने चाळत असतात आणि मग निरुपयोगी पत्रांचा पाऊस पडतो. त्यावर उपाय म्हणून काही जण पत्त्याचे चित्र लावतात. मात्र पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीवर विसंबणाऱ्या अंध वाचकाला ते चित्र वाचता येत नाही. त्यापेक्षा संपर्क-अर्ज बरा. त्यात पत्ता उघड होत नाही. परंतु अर्जातून आलेली पत्रे कधी कधी वाटेतच अडकतात आणि धन्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा स्वतःच अर्ज भरून पाहावा.

आणखी दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली, संकेतस्थळावर ठेवलेला बायोडेटा. संपर्काच्या पानावर संयम पाळणारी व्यक्ती त्याच बायोडेटामध्ये जन्मतारीख आणि घरचा पत्ता देऊन मोकळी होते. दुसरी, संकेतनामाची नोंदणी. नोंदणी करताना दिलेले नाव व पत्ता पूर्वी ‘हू-इज’ या सेवेत कोणालाही पाहता येत असे. युरोपचा विदा संरक्षण कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यावर ‘आयकॅन’ या संस्थेने तात्पुरते नियम करून त्यातील बराचसा तपशील झाकण्याची व्यवस्था केली. तरीही आपल्या नावाची नोंद कशी दिसते, हे एकदा तपासून घ्यावे.

व्यवसायाचे गणित थोडे वेगळे आहे. जर्मनीत व्यावसायिक स्वरूपाच्या संकेतस्थळांना चालकाचे नाव व टपालाचा पत्ता देणे बंधनकारक आहे. भारतातही २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थांना आपला पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. ग्राहकाचा पैसा गुंतलेला असतो, तेथे ही जबाबदारी रास्तच. असा व्यवहार नसलेल्या व्यक्तिगत संकेतस्थळाला मात्र एक चालू पत्ता पुरेसा आहे. फक्त त्यावर आलेल्या पत्राला उत्तर मिळाले पाहिजे.