घाटातली गाडी आणि विज्ञानातील अग्रणी स्त्रिया

कर्जत : मुंबईहून पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जत स्थानकात थांबली की बहुतेक वेळा तिच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. पुढे बोरघाटाचा चढ इतका तीव्र आहे की काही टप्प्यांत सदतीस फूट अंतर कापले की गाडी एक फूट वर गेलेली असते. मागून रेटा मिळाल्याखेरीज जड गाडीला हा घाट चढवत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुले हे दृश्य जाणत्या वयापासून पाहत असतात. हा लोहमार्ग बांधण्याचे कंत्राट एका स्त्रीने तडीस नेले, ही गोष्ट मात्र त्यांच्या कानावर पडतेच असे नाही.

घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. आखणी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची. पहिले कंत्राटदार विल्यम फॅविएल यांच्या काळात थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि १८५९ मध्ये त्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आले, परंतु हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडून न देता ते स्वतःकडे घेतले. प्रत्यक्ष बांधकामाची जबाबदारी त्यांनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर सोपवली. पंचवीस बोगदे असलेला हा मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

मुलांना ही कथा सांगताना एक पथ्य पाळले पाहिजे. अ‍ॅलिस ट्रेडवेल अभियंता नव्हत्या. ‘बोरघाट बांधणारी पहिली महिला अभियंता’ असे सांगणे आकर्षक वाटेल, पण ते खोटे ठरेल. त्यांनी केले ते काम व्यवस्थापनाचे होते : योग्य माणसे निवडणे, पैशाची व्यवस्था लावणे, करार निभावणे. मोठ्या तांत्रिक प्रकल्पात हे कामही तितकेच निर्णायक असते, आणि तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे हे समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. दुसरी बाब अधिक अवघड आहे. १८६१ मध्ये या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. काळा पाषाण हाताने छिद्रे पाडून, त्यात दारू ठासून फोडला जात होता. माती-दगड वाहणाऱ्यांमध्ये स्त्रियाही होत्या. पटकी आणि तापाच्या साथींत हजारो माणसे दगावली. त्यांपैकी कोणाचे नाव शाळेच्या फळ्यावर लिहिता येणार नाही. अ‍ॅलिसबाईंचे नाव उरले आणि या स्त्रियांचे का उरले नाही, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीने विचारला तर शिक्षकांनी तो टाळू नये.

याच घाटाला अलीकडचा दुवाही आहे. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि त्या भारतीय रेल्वेतील पहिल्या महिला इंजिनचालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत ‘डेक्कन क्वीन’ चालवली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला ‘वंदे भारत’ आणली, तीही याच घाटातून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. उतारावर गाडी का पळू पाहते, ब्रेक नेमके काय करतो, चढावर मागचे इंजिन का लागते, हे पदार्थविज्ञानाचे धडे सुरेखा यादव यांच्या कामातून शिकवता येतात. तेव्हा त्यांचे नाव केवळ सामान्यज्ञानाचा प्रश्न राहत नाही.

असे शिकवण्याची गरज का, याचे उत्तर मुलांच्या चित्रांत सापडते. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४,८०७ शाळकरी मुलांना ‘वैज्ञानिकाचे चित्र काढा’ एवढेच सांगण्यात आले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्या मुली होत्या. स्त्री वैज्ञानिकाची चित्रे निघाली अवघी २८, आणि ती सर्व मुलींनी काढलेली. ही मुले प्रामुख्याने कॅनडातील होती. पुढील काही दशकांत अमेरिकेत झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र बरेच बदलले होते. सुमारे २८ टक्के चित्रांत स्त्री दिसली. तथापि सहा वर्षांच्या मुली बहुतांशी स्त्री वैज्ञानिक काढत होत्या, तर सोळाव्या वर्षापर्यंत हे प्रमाण पावावर उतरत होते. म्हणजे वैज्ञानिक पुरुषच असतो ही समजूत मुलगी जन्मतः घेऊन येत नाही, ती वाढत्या वयात तिच्या मनात रुजत जाते. आपल्याकडील वाडीवरच्या शाळेत हे आकडे वेगळे निघतील. पण हा प्रयोग करायला एक कोरा कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे, आणि पाचवीच्या वर्गापासून तो करून पाहण्यासारखा आहे.

अग्रणी स्त्रियांचे धडे बहुधा नाव, जन्मसाल आणि ‘पहिली महिला’ या बिरुदावर संपतात. काम मात्र दिसत नाही. डॉ. कमला सोहोनी यांचेच पाहा. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल गुणांनी मिळवून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या चाचणीच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या श्वसनाशी निगडित प्रथिनाचा त्यांनी शोध घेतला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. येथे रामन यांना खलनायक ठरवून विषय संपवणे सोपे आहे. परंतु एवढा मोठा शास्त्रज्ञही आपल्या काळाच्या समजुतीतून सुटू शकला नाही, हे सांगणे मुलांना अधिक शिकवते.

कर्जत-खालापूरच्या मुलांना या कथेचा खरा धागा सापडतो तो पुढच्या भागात. मायदेशी परतल्यावर सोहोनीबाईंनी डाळी, भात आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. नीरा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना उपकारक ठरते, असे त्यांच्या कामातून पुढे आले व त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ठाकर आणि कातकरी वाड्यांतील मुलांना ताडी ठाऊक असते. पहाटे उतरवलेला गोड रस दिवस वर आल्यावर आंबतो कसा, यीस्ट साखरेचे काय करते, मडक्याला आतून चुना लावल्यास आंबणे का लांबते, हे सारे रसायनशास्त्र घराजवळच घडत असते. उतारवयात सोहोनीबाई ग्राहक चळवळीतही सक्रिय होत्या आणि अन्नभेसळ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. दुधात पिठूळ पदार्थ मिसळला आहे का, हे पाहण्यासाठी उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. भेसळ असल्यास निळा रंग येतो. हा प्रयोग कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. कमलाबाईंचे वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. विज्ञान त्यांच्या घरात होते. जिच्या घरात कोणी दहावीपर्यंतही पोहोचले नाही, त्या मुलीला केवळ जिद्दीची कथा सांगून भागत नाही.

पाऊस हा या पट्ट्याचा दुसरा मोठा विषय. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर अतिवृष्टीत दरड कोसळली, तेव्हापासून ‘किती मिलिमीटर’ हा शब्दप्रयोग येथे कोरडा राहिलेला नाही. पावसाचे मोजमाप विश्वासार्ह व्हायचे, तर देशभर एकाच मापाची उपकरणे हवीत. हे काम हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांनी केले. मूळच्या केरळच्या मणी १९४८ मध्ये खात्यात दाखल झाल्या आणि पुण्यातील उपकरण विभागात त्यांनी सुमारे शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. यापूर्वी बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले होते, तरी एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना पीएच.डी. नाकारण्यात आली.

शाळेतला पर्जन्यमापक खर्चिक नसतो. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजून वहीत लिहावे व डबा रिकामा करावा. हवामान खाते हीच वेळ पाळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा कळले की मुले छपरावर पडलेल्या पाण्याचा हिशेब आपणहून मांडतात.

राहिला प्रश्न वेळेचा. स्त्रिया आणि मुलींसाठीचा आंतरराष्ट्रीय विज्ञान दिन ११ फेब्रुवारीला आणि राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. भाषणे, प्रदर्शने, वेशभूषा स्पर्धा साहजिकच त्याच महिन्यात होतात. पण दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ज्या मुलींपर्यंत हे सर्व पोहोचणे सर्वाधिक गरजेचे, त्या नेमक्या फेब्रुवारीत वर्गात नसण्याची शक्यता मोठी. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि दिवाळीपूर्वी पाऊस ओसरतो. डबा पहिल्या आठवड्यात बाहेर ठेवला, तर या मुली भट्टीवर जाण्याआधी त्यांच्या हातची पावसाची वही पुरी झालेली असेल.