भय आणि श्रद्धा

मृत्यूनंतर आपले काय होईल, हा प्रश्न फार जुना आहे. त्याच्या पाठोपाठ एक भीतीही येते. न जाणो, नरक खरोखरच असला तर? मग मन म्हणते, विषाची परीक्षा कशाला घ्या. मानून टाकावे, मानल्याने काय बिघडते? परलोकाचे हे भय श्रद्धेचे योग्य कारण ठरते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याने जवळपास हाच विचार पैजेच्या रूपाने मांडला. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत तो आढळतो. ईश्वर असेल तर श्रद्धावंताला अनंत लाभ होतो. नसेल तर त्याची हानी अल्पच. तेव्हा मानण्यातच शहाणपण आहे.

युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु पैज कोणत्या मतावर लावावयाची? प्रत्येक पंथाचा परलोक निराळा आणि शिक्षाही निराळी. भय सर्वांच्याच बाजूने सारखी साक्ष देते. म्हणून ती साक्ष कोणाच्याच कामाची नाही. शिवाय, अंधारात दोरीला साप समजून दचकणाऱ्याची भीती खरी असते, पण तेवढ्याने दोरीचा साप होत नाही.

‘मानल्याने काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावांनी दिले आहे. दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवला नाही की घरातील माणसे कासावीस होतात. मृताच्या आत्म्याला गती मिळावी म्हणून गरिबाने कर्ज काढावे आणि ते पुढे मुलांनी फेडावे, असेही घडत आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तिचे मोल येथे कळते.

भगवान बुद्धांपुढे हा प्रश्न कोसल देशातील केसपुत्त या गावी आला. तेथील कालामांकडे अनेक श्रमण-ब्राह्मण येत. प्रत्येक जण आपल्या मताची थोरवी गाई आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करी. खरे कोणाचे, असे कालामांनी विचारले. तुमची शंका योग्यच आहे, असे तथागतांनी त्यांना सांगितले. केवळ परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार यांवर विसंबू नका. लोभ, द्वेष व मोह यांतून उपजणारी कर्मे अहितकारक आहेत, हे स्वतः पडताळून त्यांचा त्याग करा, असा तो उपदेश होता.

पुढे त्यांनी निर्वैर चित्ताच्या माणसाला चार आश्वासने दिली. परलोक व कर्मफल असेल तर त्याला सद्गती मिळेल. नसेल तरी तो याच जन्मी सुखाने जगेल. पाप करणाऱ्याचे वाईट होत असेल तर, तो कोणाचे वाईट चिंतीत नसल्याने, त्याला दुःख शिवणार नाही. होत नसेल तरी तो दोन्ही परींनी शुद्धच राहील. हीही पैजेसारखीच मांडणी दिसते. पण पास्कल श्रद्धा मागतो, तथागत सदाचरण मागतात. सदाचरणाचे फळ येथेच तपासून पाहता येते.

पाली साहित्यात निरयाची भयंकर वर्णनेही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे ज्या भीतीचा गौरव केला आहे, तिचे नाव ओत्तप्प, म्हणजे दुष्कर्माचे भय. हिरी म्हणजे पापाची लज्जा. या दोघी जगाचे रक्षण करतात, असे मानले आहे. हे भय माणसाला दुसऱ्याला दुखावण्यापासून परावृत्त करते. प्रश्न विचारण्यापासून नव्हे.

वसतिगृहात मुलांवर चोवीस तास कोणाची नजर नसते. शिक्षेच्या धाकाने खोटे न बोलणारा मुलगा धाक सरताच खोटे बोलू लागतो. खोट्याने मित्राचे मन कसे दुखावते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला पहारेकरी लागत नाही. नरकाची भीती न घालता असे मूल घडविणे, हेच धम्मशिक्षणाचे काम आहे.