पिकल्या केसांचे तेज

पुरुषाचे आकर्षण तारुण्याबरोबर ओसरते, या रूढ समजुतीचा निवाडा करावयाचा असेल, तर विक्रम गोखले यांचा उत्तरवयातील अभिनय अवश्य पाहावा. ‘अनुमती’ चित्रपटातील अत्यवस्थ पत्नीसाठी झगडणाऱ्या वृद्ध पतीच्या भूमिकेबद्दल २०१३ साली, साठी उलटल्यावर, त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक, इरफान खान यांच्यासह विभागून, मिळाले. शुभ्र केस आणि भारदस्त स्वर यांच्या जोडीला, वाक्य मध्येच थांबवून, समोरच्यावर दृष्टी रोखून, अवघा प्रेक्षकवर्ग खोळंबून ठेवण्याचा जो अधिकार त्यांच्यापाशी होता, तो, माझ्या मते, पसंतीसाठी आतुर असलेल्या तरुण नायकापाशी असूच शकत नाही. ‘नटसम्राट’ (२०१६) चित्रपटातील त्यांचे रामभाऊ रुग्णशय्येवरही रुबाबदार दिसतात. रसिकहो, त्यातला, इस्पितळात कर्ण-कृष्णाचा संवाद रंगतो तो प्रसंग पुन्हा एकदा पाहाच.