संथ हालचालींची परीक्षा: अमळनेर, लोणावळा आणि चीन

जगन्नाथ गणेश गुणे १९१६ साली अमळनेरला आले ते शिक्षक म्हणून. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत त्यांनी १९२३ पर्यंत शिकवले आणि तिथल्या नॅशनल कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. त्याच १९१६ साली उद्योगपती प्रतापशेठजींच्या पाठबळाने गावात तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. गुणे गेल्यानंतर सोसायटीच्या शाळेत साने गुरुजी शिकवू लागले. अमळनेरचा विषय निघाला की प्रतापशेठ आणि साने गुरुजी ही नावे हमखास येतात. गुण्यांचे नाव मात्र लोणावळ्याच्या खाती जमा झाले, कारण पुढे जगाने त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले.

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांची तालीम झाली होती. १९१९ मध्ये मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले. अमळनेरच्या नोकरीच्या काळातच, १९२०-२१ च्या सुमारास, त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांवर यौगिक क्रियांचे परिणाम तपासायला घेतले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी उपकरण लावून दाखवले आणि त्या पोकळीला गुरू माधवदासजींचे नाव दिले. गुरूंवरची श्रद्धा आणि दाबमापकावरचा काटा त्यांच्या मनात एकत्र नांदत होते. क्रिया प्राचीन आहे म्हणून तिच्या परिणामाची तपासणी त्यांनी माफ केली नाही. हा त्यांचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि चिनी व्यायामांकडे बघताना तोच हाताशी ठेवावा असे वाटते.

ताई ची, छीगोंग, बादुआनजिन ही नावे आता मोबाइलवरून घराघरांत पोचली आहेत. त्यांच्याबरोबर ‘हजारो वर्षांची विद्या’ हे वाक्यही येते. त्यात तथ्य आहे, पण प्रत्येक प्रकारात सारखे नाही. चांगशाजवळच्या मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ मधल्या एका थडग्यात रेशमावर रंगवलेला तक्ता सापडला. त्यावर ४४ माणसे वाकताना, ताणताना, हात उंचावताना दिसतात. काही मुद्रांशेजारी प्राण्यापक्ष्यांची नावे आहेत. म्हणजे आरोग्यासाठी ठरवून केलेल्या हालचाली चीनमध्ये दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत, यात शंका नाही. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या चालींवरचा पंचप्राणी व्यायाम, वूछिनशी, हान काळातल्या हुआ तुओ या वैद्याच्या नावावर आहे. बादुआनजिन म्हणजे आठ हालचालींचा संच. त्याचा माग सोंग राजवटीपर्यंत लागतो. ताई ची त्या मानाने अलीकडचे. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात ते युद्धकला म्हणून आकाराला आले आणि एकोणिसाव्या शतकात यांग लूछान यांनी ते बाहेर नेले.

यीजिनजिंग हा स्नायू-कंडरांचा व्यायाम भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शिकवला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्याचा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे आणि बोधिधर्माशी त्याचा संबंध दंतकथेपलीकडे जात नाही, असे चिनी अभ्यासकांनीच विसाव्या शतकात दाखवले. अभिमानासाठी आपल्याजवळ खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. ही सोडून द्यावी.

आज बागेत दिसणारे रूप मात्र सरकारी समित्यांनी घडवले आहे. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून निवडून २४ हालचालींचे सोपे ताई ची तयार केले. छीगोंगची, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींच्या व्यायामांची, लाट ऐंशीच्या दशकात उसळली. तिच्यात व्यायामापेक्षा चमत्कारांचे दावे वाढत गेले. १९९९ मध्ये त्या लाटेतून निघालेल्या फालुन गोंग या पंथावर बंदी आली, आणि २००३ मध्ये सरकारने बादुआनजिन, वूछिनशी, यीजिनजिंग आणि सहा उच्चारांचा श्वसनव्यायाम असे चार प्रमाणित संच जाहीर केले. कुवलयानंदांनीही १९३० च्या दशकात समूहासाठी ‘यौगिक संघ व्यायाम’ बांधला होता. जुनी विद्या शाळेच्या मैदानात मावेल इतकी आटोपशीर करण्याचे काम दोन्ही देशांनी केले.

आता मोजमापाकडे येऊ. सर्वांत भक्कम पुरावा ताई चीच्या बाजूने आहे, आणि तो म्हातारपणी पडण्याबाबतचा आहे. पडून होणाऱ्या दुखापतींनी जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये फुझोंग ली यांच्या गटाने सत्तरीपुढच्या ६७० जणांवर चाचणी घेतली. यातले लोक आधीच्या वर्षात पडलेले होते किंवा त्यांची चाल अडखळती होती. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, एका गटाला ताई चीवर बेतलेला व्यायाम, दुसऱ्याला ताकद-तोल-चालणे असा मिश्र व्यायाम आणि तिसऱ्याला नुसते ताण देण्याचे व्यायाम दिले. २०१८ मध्ये निकाल आला. ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत ताई ची गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते, मिश्र व्यायामाच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी. याच गटाने त्याआधी, २०१२ मध्ये, पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर काम केले होते. शरीराचा तोल सावरण्यात ताई ची वजनाच्या व्यायामाहूनही सरस ठरले. पडण्याच्या संख्येत मात्र वजनाच्या व्यायामापेक्षा ठोस फरक दिसला नाही. हे दुसरे वाक्य जाहिरातींतून नेहमी गळते.

कारण समजायला अवघड नाही. म्हातारा माणूस स्थिर उभा असताना क्वचित पडतो. तो पडतो वळताना, पायरी उतरताना, अंधारात न्हाणीघराकडे जाताना, म्हणजे अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो त्या क्षणी. ताई ची तोच क्षण लांबवते. गुडघे किंचित वाकलेले, एक पाय पूर्ण भरलेला, दुसरा रिकामा. मग अगदी हळू तो भार सरकतो, कंबर वळते, नजर हाताबरोबर जाते. वृक्षासनातही तोल लागतो, पण तो एका जागी राखलेला तोल आहे. या फरकाकडे आपल्या योगवर्गांनी लक्ष द्यायला हवे असे मला ठामपणे वाटते.

गुडघ्यांचे उत्तर वेगळे आहे. बोस्टनमध्ये संधिवाताच्या २०४ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची आणि नेहमीची फिजिओथेरपी यांचा वेदनेवरचा परिणाम जवळपास सारखा निघाला. मनाची उदासी कमी होण्यात ताई ची थोडे पुढे होते. रक्तदाबाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३४२ चिनी नागरिकांवरच्या, २०२४ मधल्या अभ्यासात वर्षभराने ताई ची गटाचा वरचा दाब सुमारे ७ अंकांनी उतरला, तर दमछाक करणाऱ्या व्यायामाच्या गटाचा साडेचारच्या आसपास. आपल्याकडचे उदाहरण हवे तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसन तपासणारी भारतातली चाचणी बघावी. २४ रुग्णालयांतले ३,९५९ रुग्ण तिच्यात होते. रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली, पण मृत्यू आणि पुन्हा झटका येणे यांत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. २०२० मध्ये हा निकाल जसाच्या तसा छापला गेला, याचा मला आनंद आहे.

बादुआनजिनवर अभ्यास पुष्कळ झालेत, पण त्यातले बरेच लहान आहेत आणि बहुतेक चीनमधलेच. म्हणून त्याच्याबद्दल ताई चीइतके ठामपणे बोलता येत नाही. आणि तरीही खानदेशात एकच निवडायचे झाले तर मी तेच निवडेन. ताई चीचा २४ हालचालींचा क्रम अंगवळणी पडायला महिने लागतात आणि तयार शिक्षक लागतो. बादुआनजिनमध्ये आठच हालचाली: दोन्ही हात आकाशाकडे उचलणे, धनुष्य ओढणे, एकेक हात वर नेणे, मागे वळून पाहणे, कमरेतून झोका घेणे, वाकून पायांना हात लावणे, मुठी आवळून समोर नेणे, शेवटी टाचा उचलून टेकवणे. सगळ्या उभ्याने. सतरंजी लागत नाही, की जमिनीवरून उठण्याची कसरत नाही. ज्या बाईने आयुष्यभर वाकून कापूस वेचला आणि आता गुडघे धरलेत, तिला सूर्यनमस्कार सांगणे निष्ठुरपणाचे आहे. हे तिला अंगणात जमेल. तरुणांचे निराळे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले ते सूर्यनमस्कार खांद्यांना, दमाला जे देतात, ते या संथ संचातून मिळणार नाही. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा व्यायाम कोणताही असो, तो दिवस तापण्याआधी, जळगावात मेहरूण तलावाच्या नाहीतर धुळ्यात पांझरेच्या काठी उरकलेला बरा.

‘ची’ किंवा ‘छी’ नावाची प्राणशक्ती शरीरात फिरते, हे या साऱ्या व्यायामांचे मूळ स्पष्टीकरण आहे. कुठल्याही यंत्राने ती अजून पकडलेली नाही. साधकाला ती कल्पना श्वास आणि लक्ष जागेवर ठेवायला उपयोगी पडत असेल तर पडो. औषधे बंद करायला सांगणारा शिक्षक मात्र चिनी असो की देशी, त्याच्या वर्गातून निघून यावे.

जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योगाचा स्वतंत्र विभाग आहे. धुळ्यात आणि जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी मिळून हे इथेच तपासावे. साठीपुढच्या माणसांचे तीन गट करावेत: एकाला बादुआनजिन, एकाला उभ्याने करायची आसने, एकाला नुसते चालणे. साधने म्हणून घड्याळ, खुर्ची आणि तीन मीटरची रेघ पुरे. एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येते, उठून रेघेपर्यंत जाऊन परत बसायला किती वेळ लागतो, एवढे दिवाळीनंतर लिहून घ्यावे आणि अक्षय्य तृतीयेला पुन्हा मोजावे. मधल्या काळात कोण किती वेळा पडले, याची वही घरच्यांनी ठेवावी.