गर्भपात क्लिनिकवरचे हल्ले पोलिसांनी वेगळे का मोजायचे? कॅलिफोर्नियाचा कायदा काय सांगतो

समजा, एका क्लिनिकच्या कुलपात रात्री कुणीतरी गोंद भरला. पोलीस आले आणि 'मालमत्तेचं नुकसान' अशी नोंद करून गेले. पंधरा दिवसांनी शेजारच्या शहरात दुसऱ्या क्लिनिकची काच फुटली. तिथेही तीच नोंद. मग तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरला धमकीचा फोन आला. तीन पोलीस ठाणी, तीन किरकोळ गुन्हे आणि कागदावर त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा २००१ चा कायदा नेमकी हीच अडचण सोडवायला बघतो.

केंद्राचा कायदा होता, मग राज्याला वेगळा का लागला?

भारतात १९७१ च्या कायद्यानुसार ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे आणि दवाखान्यासमोर त्याविरोधात निदर्शनं हा प्रकार आपल्याकडे सहसा दिसत नाही. अमेरिकेत मात्र हा वाद रस्त्यावर आला आणि काही वेळा जिवावर बेतला. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे डॉ. डेव्हिड गन यांची क्लिनिकबाहेर गोळ्या झाडून हत्या झाली. पुढच्याच वर्षी, मे १९९४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 'फेस' नावाच्या कायद्यावर सही केली. क्लिनिकचा रस्ता अडवणं, रुग्णांना किंवा कर्मचाऱ्यांना बळाने वा धमकीने रोखणं, क्लिनिकची नासधूस करणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. प्रार्थनास्थळांनाही याच कायद्याने संरक्षण मिळालं.

पण काच फुटली की फोन जातो स्थानिक पोलिसांना. खटला केंद्राचे वकील चालवणार असले, तरी पहिली नोंद गावातला शिपाईच करतो.

कायद्यात काय आहे?

२००१ च्या कायद्याचे दोन भाग आहेत. पहिल्याने केंद्राच्या 'फेस'सारखेच गुन्हे राज्याच्या दंडसंहितेत आणले. दुसऱ्याची चर्चा कमी होते, पण वेगळेपण त्यातच आहे. हा भाग गुन्हेगाराला नव्हे, पोलिसांना कामाला लावतो.

त्यात 'प्रजनन हक्कविरोधी गुन्हा' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. पीडित व्यक्ती अशी सेवा घेणारी, देणारी किंवा त्यात मदत करणारी आहे म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः त्याच कारणाने केलेला गुन्हा यात मोडतो. म्हणजे गुन्हा जुनाच, तोडफोडीचा किंवा धमकीचा. वेगळा आहे तो हेतू. अशा गुन्ह्यांची माहिती स्थानिक यंत्रणांकडून गोळा करून विधिमंडळाला अहवाल देण्याची जबाबदारी राज्याच्या ॲटर्नी जनरलवर आहे. आणि हेतू ओळखायचा तर घटनास्थळी गेलेल्या पोलिसाला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत, म्हणून पोलीस प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. त्याने नुसतं 'काच फुटली' एवढंच लिहिलं, तर पुढची सगळी आकडेवारी तिथेच संपते.

व्याख्या फक्त गर्भपातापुरती नाही. मानवी प्रजनन संस्थेशी संबंधित उपचार, समुपदेशन, सगळंच त्यात येतं. मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पाम स्प्रिंग्ज इथे वंध्यत्व उपचार केंद्राबाहेर बॉम्बस्फोट झाला, तेव्हा ही व्यापक व्याख्या किती उपयोगाची आहे ते दिसलं.

मोबाइल कॅमेऱ्याचं काय?

सुरुवातीला पोलिसांवरच्या या तरतुदी मुदतबंद होत्या आणि ती मुदत वाढवावी लागली. मोठा बदल २०२१ मध्ये झाला. आमदार रिबेका बाऊर-केहन यांच्या विधेयकावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केली. आता क्लिनिकच्या दारापासून १०० फुटांच्या आत, घाबरवण्याच्या हेतूने, संमतीशिवाय रुग्णाचं किंवा कर्मचाऱ्याचं चित्रीकरण करणं गुन्हा आहे. अशा तक्रारींवर काय करायचं याचं लेखी धोरण प्रत्येक पोलीस यंत्रणेने १ जानेवारी २०२३ पर्यंत ठरवावं, असंही बंधन आलं.

यात 'हेतू' हा शब्द सहज आलेला नाही. मॅसॅच्युसेट्सने क्लिनिकभोवती ३५ फुटांचा मनाई पट्टा आखला होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर एकमताने रद्द केला. फलक धरून शांतपणे उभं राहणं कॅलिफोर्नियातही गुन्हा नाही.

कायद्याची कमकुवत बाजूही इथेच आहे. चित्रीकरण झालेल्या महिलेने तक्रार करायची, तर आपण तिथे होतो हे आधी पोलिसांना सांगावं लागतं. नेमकं तेच तिला लपवायचं असू शकतं. त्यामुळे एखाद्या वर्षी आकडा कमी आला, तर गुन्हे घटले की तक्रारी, हे त्यावरून कळत नाही.

आता हा कायदा महत्त्वाचा का?

मार्च २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या क्लिनिकवर पेट्रोल बॉम्ब फेकला गेला. तो खटला केंद्राने चालवला आणि एका आरोपीला ९ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२५ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गर्भपातविरोधी २३ आंदोलकांना माफी दिली. 'फेस'खालचे नवे खटले मृत्यू, गंभीर इजा किंवा मोठं नुकसान अशा अपवादात्मक परिस्थितीतच चालवावेत, असं धोरण केंद्राच्या न्याय विभागाने लगेच जाहीर केलं.

म्हणजे गोंद भरलेलं कुलूप किंवा अडवलेलं दार यांचा भार आता बराचसा राज्यांवर आला आहे. राष्ट्राध्यक्षांची माफी फक्त केंद्रीय गुन्ह्यांना लागू होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली झालेली शिक्षा तिने पुसली जात नाही.